नामिबियाच्या वाळवंटातील शैलचित्रे: फोर-बाय-फोर गाडी आणि तंबू घेऊन करायच्या मोहिमेची तयारी

नामिबियाच्या नकाशावर स्पिट्झकोप्पे, ब्रांडबर्ग आणि ट्वायफेलफोंटेन ही तीन नावे दक्षिणेकडून उत्तरेकडे जवळजवळ एका ओळीत दिसतात आणि त्यांच्यामधली अंतरे पाहिली की हा सारा प्रवास तीन-चार दिवसांत सहज उरकेल, असे कोणालाही वाटते. गाडीपुरते बोलायचे तर ते खरेही आहे. परंतु येथे पाहायला जायचे ते दगडावर, आणि दगडावरचे काम दिवसातून थोडाच वेळ नीट दिसते. कोरलेल्या आकृती सकाळच्या आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हातच उठून दिसतात, तर भर दुपारी त्याच शिळेवर काही कोरलेले आहे हे पटवून द्यावे लागते. म्हणून या मोहिमेचे वेळापत्रक किलोमीटरवर न बांधता उजेडावर बांधावे: सकाळ चित्रांसाठी, मधला वेळ प्रवासासाठी आणि दुपारी चारनंतर मुक्काम. या हिशोबाने राजधानी विंडहुकहून निघून विंडहुकला परत येईपर्यंत किमान आठ दिवस हाताशी हवेत. दहा मिळाले तर उत्तम.

हंगामाबाबत फारसा विचार करावा लागत नाही. मे ते सप्टेंबर हा कोरडा आणि सुसह्य काळ आहे. ऑक्टोबरपासून उष्मा वाढतो, आणि जानेवारी ते मार्च या पावसाच्या महिन्यांत एरवी कोरड्या असणाऱ्या नद्या अचानक वाहू लागतात. नामिबिया विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे जून-जुलैत तेथे हिवाळा असतो. दिवसा अंगात एकच सदरा पुरतो, पण पहाटे तापमान शून्याच्या आसपास उतरू शकते, त्यामुळे झोपण्याची पिशवी जाड असावी. २०१७ सालापासून तेथे वर्षभर एकच प्रमाणवेळ पाळली जाते. देशाच्या या पश्चिम भागात जून महिन्यात सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि साडेसहाच्या आत मावळतो. हाताशी उजेडाचे जेमतेम अकरा तास असतात आणि काळोख पडल्यावर गाडी चालवायची नसते, हे गृहीत धरून रोजचा पल्ला दोनशे किलोमीटरच्या आतच ठेवावा. विंडहुकहून निघण्याचा आणि परतण्याचा दिवस तेवढा याला अपवाद.

गाडी ताब्यात घेताना

विंडहुकमध्ये या कामासाठी बहुधा डबल कॅबची डिझेल पिकअप भाड्याने मिळते. तिच्या टपावर घडीचा तंबू असतो, मागे फ्रिज, गॅसची शेगडी, भांडी, टेबल आणि खुर्च्या असतात. गाडी कोणत्या बनावटीची आहे यापेक्षा तिचे टायर कसे आहेत हे अधिक महत्त्वाचे, असे माझे ठाम मत आहे. चारही टायरची नक्षी आणि बाजूची भिंत हाताने चाचपून पाहावी, कारण येथले बहुतेक पंक्चर धारदार खड्यांमुळे होतात आणि बाजूची भिंत एकदा चिरली की तो टायर दुरुस्त होत नाही. स्टेपनी एक नव्हे, दोन घ्याव्यात, आणि त्या दोन्हींमध्ये हवा आहे की नाही हे तिथल्या तिथे मोजून पाहावे. जॅक, पान्हा, हवा मोजायचे मीटर, गाडीच्या बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर, फावडे, टोचनाचा पट्टा आणि जॅकखाली ठेवायला जाड फळी या वस्तू केवळ यादीत असून भागत नाही. त्या बाहेर काढाव्यात आणि एक चाक आवारातच स्वतः बदलून पाहावे. यात अर्धा तास जातो, भाड्याने देणारे किंचित कंटाळतातही, पण जॅकचा दांडा दुसऱ्याच गाडीचा आहे हे पक्क्या फरशीवर कळलेले बरे.

विम्याची कलमे शांतपणे वाचावीत. दुसऱ्या वाहनाचा संबंध नसताना गाडी उलटली तर भरपाई मिळत नाही किंवा फार कमी मिळते, अशी अट पुष्कळ करारांत असते, आणि खडीच्या रस्त्यांवरचे गंभीर अपघात नेमके याच प्रकारचे असतात. काच आणि टायर यांचा विमा वेगळा घ्यावा लागतो व तो घ्यावाच. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जवळ ठेवावा. वाहतूक डाव्या बाजूने चालते, त्यामुळे आपल्याला त्याबाबतीत नव्याने काही शिकावे लागत नाही.

मोबाइलची सेवा गावे सोडली की तुटते. सॅटेलाइट फोन भाड्याने मिळतो, तो घ्यावा, आणि कोणत्या रात्री कोठे मुक्काम आहे याचा कागद विंडहुकमध्ये कोणाकडे तरी देऊन ठेवावा. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्यावा आणि त्याच्या जोडीला छापील नकाशाही बाळगावा, कारण फोन उन्हात तापून बंद पडतो.

रस्ता, हवा आणि वाळू

नामिबियातील रस्त्यांना अक्षरांचे क्रमांक आहेत. 'बी' म्हणजे डांबरी महामार्ग, 'सी' म्हणजे बहुधा खडीचा रुंद रस्ता, आणि 'डी' म्हणजे खडीपासून वाळूपर्यंत काहीही. विंडहुकहून ओकाहांजा, करिबिब आणि उसाकोसपर्यंत 'बी' रस्त्याने सुखाने जाता येते. उसाकोसच्या पुढे उजवीकडे डी-१९१८ फुटला की डांबर संपते, आणि येथेच थांबून टायरमधील हवा कमी करायची असते.

नवख्या प्रवाशाला हे काम वेळखाऊ आणि अनावश्यक वाटते. प्रत्यक्षात या प्रवासात त्याहून फलदायी दहा मिनिटे दुसरी नाहीत. सामानाने भरलेल्या पिकअपमध्ये डांबरावर सव्वादोन ते अडीच बार (बार हे हवेच्या दाबाचे माप) हवा असते. खडीवर ती १.८ ते २ बारपर्यंत उतरवावी, म्हणजे टायर थोडा बसका होऊन खडा पोटात सामावून घेतो, हादरे कमी बसतात आणि पकडही वाढते. खोल वाळूत १.२ ते १.४ बार ठेवावी, आणि गाडी रुतलीच तर काही मीटरपुरती एक बारपर्यंत खाली आणावी. मात्र हवा जितकी कमी, तितका वेगही कमी ठेवावा लागतो. बसक्या टायरवर वेगाने गेल्यास टायर तापून फाटतो किंवा रिमवरून निसटतो. हवा टायर थंड असताना मोजावी, कारण धावून तापलेल्या टायरमधील आकडा फसवा असतो. वाटेत थांबल्यावर प्रत्येक टायरला हात लावून पाहण्याची सवय ठेवावी. तीन टायर कोमट आणि एक कढत लागला, तर त्या कढत टायरमधून हवा गळत आहे असे समजावे.

खडीच्या रस्त्यावर कायदा ताशी १०० किलोमीटरपर्यंत मुभा देतो. भाड्याच्या गाड्यांचे करार बहुधा ८० ची मर्यादा घालतात, आणि पन्हळी पत्र्यासारख्या झालेल्या रस्त्यावर ६० सुद्धा पुष्कळ होतात. या पन्हळीची गंमत अशी की वेग वाढवला की गाडी लाटांच्या माथ्यांवरून तरंगत गेल्यासारखी होते, हादरे थांबतात आणि चालकाला सारे आलबेल वाटू लागते. त्या क्षणी चाकांचा रस्त्याशी जेमतेम संबंध उरलेला असतो. वळणावर जोरात ब्रेक मारला, किंवा गाडी कडेच्या भुसभुशीत खडीत गेली म्हणून स्टीअरिंग झटक्याने उलटे फिरवले, की टपावर तंबूचे ओझे असलेली ही उंच गाडी आडवी होते. म्हणून वळणाच्या आधीच वेग उतरवावा, खडीवरही फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर देणारी जोडणी, लावून ठेवावी, आणि गाडी घसरू लागल्यास ब्रेकला हात न घालता, म्हणजे पाय न लावता, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडावा. समोरून वाहन आले तर डावीकडे सरकून वेग कमी करावा, कारण उडालेला खडा काच फोडतो आणि पाठोपाठ येणाऱ्या धुळीत काही क्षण काहीच दिसत नाही. दिवसाही दिवे लावून चालवावे.

वाळूत गाडी घालण्यापूर्वी थांबून लो रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारे गिअर) टाकावी आणि गाडीची गती एकसारखी राखावी. थांबायचे झाले तर ब्रेक न दाबता गाडीला आपोआप थांबू द्यावे, कारण ब्रेक दाबला की चाकांपुढे वाळूचा ढीग साचतो. चाके जागच्या जागी फिरू लागली की ॲक्सिलरेटर त्याच क्षणी सोडावा. 'आणखी थोडा जोर लावून पाहू' या विचारानेच गाडी पोटावर बसते. मग खाली उतरून चाकांमागची वाळू फावड्याने ओढावी, हवा आणखी उतरवावी आणि ज्या चाकोरीतून आलो त्याच दबलेल्या चाकोरीतून मागे यावे. दुसऱ्या गाडीने टोचन करायची वेळ आली, तर पट्टा गाडीच्या अधिकृत हुकालाच लावावा. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला तो कधीही लावू नये, कारण ताणाखाली तो गोळा तुटला तर तोफगोळ्यासारखा सुटतो आणि माणसाचा जीव घेऊ शकतो.

उगाब, हुआब आणि त्यांच्या उपनद्या यांची पात्रे वर्षातील बहुतेक काळ कोरडी असतात व काही वाटा थेट त्यांतूनच जातात. अशा पात्रात गाडी नेण्याआधी पलीकडच्या काठापर्यंत पायी चालून यावे. वर कोरडी पापुद्र्यासारखी माती आणि खाली चिखल असेल, तर तेथे वाळूची कोणतीही युक्ती चालत नाही. वाहते पाणी असेल तर ओलांडायचा मोह टाळून काठावर थांबावे.

डिझेल, पाणी आणि शिधा

उसाकोस, उइस, कोरिखास आणि पाल्मवाग येथे इंधन मिळते. टाकी अर्धी भरलेली असली तरी यांपैकी प्रत्येक ठिकाणी ती पूर्ण भरून घ्यावी, कारण एखाद्या पंपावरचे डिझेल संपलेले असणे ही तेथे काही विशेष घटना नव्हे. सामानाने भरलेली पिकअप शंभर किलोमीटरला १२ ते १४ लिटर डिझेल घेते आणि खोल वाळूत हा आकडा २० पर्यंत सहज जातो. पैसे रोख जवळ ठेवावेत. नामिबियाचा डॉलर दक्षिण आफ्रिकेच्या रँडशी समान दराने बांधलेला आहे आणि रँडही तेथे चालतो. यंत्रावर कार्ड घासून पैसे देणे मात्र नेटवर्कच्या मर्जीवर असते.

पाण्याचा हिशोब माणशी रोज पाच लिटर पिण्यास व स्वयंपाकास, आणि त्यावर गाडी बंद पडल्यास दोन दिवस पुरेल इतका राखीव साठा, असा ठेवावा. सगळे पाणी एकाच टाकीत ठेवू नये. ती टाकी खडकाने फुटली किंवा तिची तोटी गळाली तर सारेच जाते, म्हणून निम्मे पाणी वेगळ्या कॅनमध्ये असावे. शिध्याबद्दल दोनच गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. पहिली ही की पाल्मवागजवळ गुरांच्या रोगप्रतिबंधासाठी घातलेले कुंपण आहे आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे कच्चे मांस नेऊ दिले जात नाही, त्यामुळे कुंपणाच्या उत्तरेला गेलात तर परतीच्या आदल्या रात्री ते संपवावे. दुसरी गोष्ट संत्र्यांची आहे, आणि ती हत्तींशी संबंधित असल्यामुळे पुढे येईल.

मुक्काम

वाळवंट मोकळे दिसते म्हणून कोठेही तंबू ठोकता येतो, असा समज असेल तर तो निघण्यापूर्वीच सोडावा. या भागातील बरीचशी जमीन स्थानिक लोकांच्या सामुदायिक संरक्षित क्षेत्रांत मोडते. १९९६ च्या कायदादुरुस्तीने ही व्यवस्था शक्य झाली, आणि १९९८ मध्ये नोंदवलेले तोरा हे त्यांतील पहिल्या काहींपैकी एक. त्यांची स्वतःची तळांची जागा असते, शुल्क असते, आणि त्या पैशावर वन्यजीवांची राखण चालते. ठरलेल्या तळावरच राहावे, आणि आडवाटेला रात्र काढायची असेल तर आधी परवानगी घ्यावी.

हे तळ साधे, पण बहुधा अतिशय देखणे असतात. स्पिट्झकोप्पे येथे गावकऱ्यांनी चालवलेल्या तळाच्या जागा ग्रॅनाइटच्या प्रचंड गोलसर खडकांच्या आडोशाला एकमेकींपासून दूर विखुरलेल्या आहेत. जागेवर पाणी नसते, ते प्रवेशद्वाराजवळून भरून न्यावे लागते. काही तळांवर अंघोळीचे पाणी लाकडे पेटवून तापवायची सोय असते. त्या भट्टीला तेथे 'डाँकी' म्हणतात. बंबाची सवय असलेल्या माणसाला ती पाहताक्षणी कळते.

नदीच्या पात्रात कधीही तंबू लावू नये. आकाश निरभ्र असले तरी वरच्या अंगाला पडलेल्या पावसाचा लोंढा रात्री येऊ शकतो. शिवाय ही पात्रे म्हणजे वाळवंटी हत्तींचे राजमार्ग आहेत. उगाब आणि आबा-हुआब या नद्यांकाठच्या तळांवर हत्ती येतात आणि ते कोणाला विचारून येत नाहीत. रात्री ते आले तर तंबूतच शांत पडून राहावे आणि विजेरीचा झोत त्यांच्यावर टाकू नये. दिवसा वाटेत भेटले तर भरपूर अंतर ठेवून, त्यांना निघून जायची वाट मोकळी सोडून, गाडी बंद करून थांबावे. आता संत्री: त्यांचा वास हत्तींना दुरून लागतो आणि त्यासाठी त्यांनी गाड्या व तंबू उचकटल्याचे किस्से आफ्रिकेत जागोजागी ऐकायला मिळतात, तेव्हा लिंबूवर्गातील फळे हत्तींच्या प्रदेशात नेऊच नयेत. कोल्ह्यांचा उपद्रव किरकोळ असतो, पण रात्री बाहेर राहिलेला बूट सकाळी सापडेलच असे नाही. बूट आत घ्यावेत आणि सकाळी पायात घालण्यापूर्वी विंचवासाठी झटकावेत.

शेकोटीसाठी लाकूड गावातून किंवा तळावरून विकत घ्यावे. आसपासचे वाळके लाकूड किडे, पाली आणि लहान प्राण्यांचा आसरा असते, आणि या कोरड्या प्रदेशात ते पुन्हा तयार व्हायला पुष्कळ काळ लागतो. त्याहून महत्त्वाची सूचना अशी: डामारालँडमध्ये, म्हणजे ट्वायफेलफोंटेनच्या आसपासच्या प्रदेशात, माणसाच्या उंचीएवढ्या, पानांवाचूनच्या, करड्या-हिरव्या कांड्यांच्या गोल झुडपांचे ताटवे दिसतात. ही शेराच्या जातकुळीतील चिकाची झुडपे आहेत आणि त्यांचा चीकच नव्हे, तर जळणाचा धूरही विषारी असतो. वाळलेल्या कांड्या इतक्या हाताशी आणि इतक्या सुबक असतात की चुलीसाठी उचलायचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा.

चित्रे

येथे दोन प्रकारांत फरक करून घ्यावा, कारण पाहण्याची वेळ त्यावर ठरते. स्पिट्झकोप्पे आणि ब्रांडबर्ग येथे मुख्यतः रंगवलेली चित्रे आहेत. ती खडकांच्या कपारींत, छपरासारख्या पुढे आलेल्या दगडाखाली आहेत, त्यांचा लाल रंग लोहयुक्त गेरूचा आहे, आणि ती सावलीतल्या सौम्य, एकसारख्या उजेडात चांगली दिसतात. ट्वायफेलफोंटेनला प्रामुख्याने कोरलेल्या आकृती आहेत. तेथील वालुकाश्मावर काळाच्या ओघात गडद पापुद्रा चढला आहे. कठीण दगडाने ठोकून तो पापुद्रा काढला की आतला फिकट दगड उघडा पडतो आणि आकृती उमटते. हजारो वर्षांत त्या फिकट भागावरही पुन्हा पापुद्रा धरतो, रंगातला फरक पुसट होतो, आणि मग आकृती दिसते ती खोलगटपणात पडणाऱ्या सावलीमुळे. तिरप्या उन्हाचे महत्त्व एवढ्यासाठी.

पहिल्या दोन रात्री स्पिट्झकोप्पेला द्याव्यात. १,७२८ मीटर उंचीचा हा ग्रॅनाइटचा सुळका सपाट मैदानातून एकदम वर उठतो. 'बुशमन्स पॅराडाइज' नावाच्या भागात जाण्यासाठी उघड्या कातळावर लावलेल्या साखळीला धरून चढावे लागते. चढ कठीण नसला तरी गुळगुळीत तळव्याचे बूट तेथे उपयोगाचे नाहीत. वरची चित्रे पाहून मन खट्टू होते, कारण पाहुण्यांच्या हाताळणीने त्यांचे फार नुकसान झाले आहे. तरीही पहिल्या दिवशीच ते पाहावे, असे मी सुचवीन. स्थानिक वाटाड्याबरोबर खालच्या भागातील चित्रे पाहिली, म्हणजे सुस्थितीतील चित्र आणि खराब झालेले चित्र यांतला फरक डोळ्यांना कळू लागतो, आणि पुढच्या मुक्कामांवर त्याचा उपयोग होतो.

तेथून उइसमार्गे ब्रांडबर्ग. उइस हे कथिलाच्या खाणीभोवती वाढलेले लहानसे गाव आहे. इंधन आणि पाव-दूध घेऊन सी-३५ ने उत्तरेकडे थोडे गेल्यावर डावीकडे डी-२३५९ लागतो, आणि तो डोंगराच्या पायथ्याशी त्सिसाब घळीच्या तोंडाशी नेतो. ब्रांडबर्गचे क्योनिगश्टाइन हे शिखर २,५७३ मीटर उंच असून ते नामिबियातील सर्वोच्च आहे. १९१८ च्या जानेवारीत ते शिखर चढून उतरताना राइनहार्ड माक या जर्मन भूमापकाला या घळीत एक चित्र आढळले. पुढे त्याची नक्कल पाहून फ्रेंच पुरातत्त्वज्ञ आबे ब्रय यांनी ती भूमध्य सागराकडून आलेली गोरी स्त्री असावी असा तर्क केला, आणि 'व्हाइट लेडी' हे नाव त्याला चिकटले. आज अभ्यासकांच्या मते ती ना गोरी आहे, ना बाई. सुमारे ४० सेंटिमीटर उंचीची ही आकृती हाती धनुष्य-बाण घेतलेल्या, अंगाला पांढरा रंग लावलेल्या पुरुषाची, बहुधा विधी करणाऱ्या वैदूची आहे. आफ्रिकी शिकाऱ्यांच्या चित्राचा कर्ता युरोपात शोधण्याची ही खटपट वाटाड्याच्या तोंडून चित्रासमोर उभे राहून ऐकण्यासारखी असते.

वाटाडा घेतल्याखेरीज या घळीत जाता येत नाही. एका बाजूने चालायला पाऊण ते एक तास लागतो, वाट दगडधोंड्यांची आहे आणि घळीत वारा अडतो, म्हणून उजाडल्याबरोबर निघावे आणि माणशी किमान दोन लिटर पाणी न्यावे. पूर्वी रंग उजळ दिसावेत म्हणून पाहुणे चित्रांवर पाणी आणि शीतपेये फेकत असत. त्यामुळे रंग फिके पडले आणि आता चित्रापुढे कठडा आहे. एका प्रसिद्ध चित्राकडे धावत जाऊन परत येण्यापेक्षा वाटेतील इतर कपारी दाखवायला वाटाड्याला आवर्जून सांगावे. या डोंगरात किती चित्रे आहेत याची कल्पना हाराल्ड पागर यांच्या कामावरून येते. १९७७ पासून १९८५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते पारदर्शक कागदावर त्यांच्या नकला उतरवत राहिले, आणि त्यांनी ८७९ ठिकाणच्या सुमारे ४३,००० आकृती नोंदवल्या. डोंगराच्या वरच्या भागात जाऊन ती ठिकाणे पाहायची असतील, तर नामिबियाच्या राष्ट्रीय वारसा परिषदेचा परवाना, अनुभवी वाटाडा, तीन-चार दिवस आणि पाणी वाहून नेण्याची ताकद लागते. ती स्वतंत्र मोहीम समजावी. या प्रवासात ती कोंबू नये.

ट्वायफेलफोंटेनला सी-३५ आणि मग डी-२६१२ ने जावे. 'संशयाचा झरा' असा अर्थ असलेले हे आफ्रिकान्स नाव १९४७ नंतर तेथे आलेल्या शेतकऱ्याने दिले, कारण झऱ्याचे पाणी पुरेल की नाही याची त्याला खात्री नव्हती. येथे दोन हजारांहून अधिक कोरीव आकृती आहेत आणि २००७ मध्ये हे ठिकाण जागतिक वारसा यादीत गेले. नामिबियाचे ते पहिलेच नाव. पायथ्याची माहितीकेंद्राची इमारतही पाहण्याजोगी आहे. तिच्या छपराची कौले तेलाची पिंपे कापून केली आहेत, आणि उद्या ती काढून नेली तर जमिनीवर फारशी खूण उरू नये अशा बेताने ती उभारली आहे.

येथेही वाटाडा बंधनकारक आहे. सकाळच्या पहिल्या गटाबरोबर जावे, आणि दुसरी रात्र याच परिसरात काढणार असाल तर दुसरी फेरी उन्हे कलल्यावर करावी. त्याच शिळा दोन वेगळ्या उजेडांत पाहण्यासाठी दुसऱ्यांदा शुल्क भरायला मला कधी वाईट वाटणार नाही. प्रसिद्ध 'सिंहपुरुष' नीट न्याहाळावा: सिंहाच्या पंजाच्या ठशात चार बोटे उमटतात, पण येथे प्रत्येक पायाला पाच कोरली आहेत, आणि लांब, काटकोनात वळलेल्या शेपटीच्या टोकालाही पंजा आहे. सिंहाचे रूप घेणारा माणूस येथे दाखवला आहे, असा अर्थ त्यावरून लावला जातो. समुद्र येथून शंभरेक किलोमीटर दूर असताना सील आणि पेंग्विनसारख्या आकृतीही शिळांवर आहेत, म्हणजे हे लोक किनाऱ्यापर्यंत जाऊन येत होते. जवळच प्राण्यांच्या आकृतींसोबत त्यांचे नुसते ठसेही कोरलेले दिसतात.

छायाचित्रे घेताना फ्लॅश वापरू नये. कोरीव काम उठावदार दिसावे म्हणून त्यात खडू भरणे, ओले फडके फिरवणे किंवा बोटाने रेषा गिरवून दाखवणे या साऱ्या गोष्टी वर्ज्य आहेत. बोटांवरचा घाम आणि तेल दगडावर राहते. पाठीवरची पिशवी कपारीत शिरण्यापूर्वी काढून ठेवावी, कारण वळताना तीच भिंतीला घासते. तळाशी धूळ उडेल असे पाय आपटू नयेत, ती चित्रांवर बसते.

वाट सोडण्याचा मोह

ब्रांडबर्गच्या पश्चिमेला मेसुम हे जुन्या ज्वालामुखीचे रुंद विवर आहे, आणि तिकडे जाणारी वाट या प्रदेशातील सर्वांत एकाकी वाटांपैकी एक. हा भाग डोरोब राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे, त्यामुळे परवान्याची चौकशी आधी करावी, दोन गाड्या असल्याशिवाय जाऊ नये, आणि आखलेली चाकोरी सोडू नये. या मैदानांवर दगडफुलाचे थर वाढतात. समुद्रावरून येणाऱ्या धुक्यातील ओलाव्यावर ते जगतात, आणि एकदा चाक त्यांवरून गेले की तो पट्टा अनेक दशके उघडा राहतो. त्याच मैदानांवर वेल्विचिया ही वनस्पती दिसते. आयुष्यभर तिला दोनच पाने असतात, ती वाऱ्याने फाटून चिंध्यांसारखी पसरतात, आणि काही झाडांचे वय हजार वर्षांहून अधिक आहे. तिची मुळे पृष्ठभागाजवळही पसरलेली असल्यामुळे छायाचित्रासाठी गाडी तर नाहीच, पण पायही तिच्या अगदी जवळ नेऊ नयेत.

गाडी बंद पडली तर तिच्याजवळच राहावे. मदत शोधायला पायी निघालेला माणूस सापडणे अवघड असते, तर गाडी दुरूनही दिसते, सावली देते आणि पाणी तिच्यातच असते.

परतताना डांबर लागले की टायरमध्ये पूर्ण हवा भरून मगच वेग वाढवावा. तळावर परत पोहोचल्यावर छायाचित्रे इतरांना पाठवण्याआधी एक काम उरते. माहितीकेंद्र आणि वाटाडे असलेल्या ठिकाणांची गोष्ट वेगळी, पण वाटेत एखाद्या निनावी कपारीत चित्रे आढळली असतील, तर त्या छायाचित्रांमध्ये फोनने आपोआप नोंदवलेले स्थान पुसून टाकावे आणि ठिकाणाची माहिती फक्त तेथील वाटाड्यांना किंवा वारसा परिषदेला द्यावी.